विश्लेषण : देवमाशांमागे अंटार्क्टिकात गेलेले कार्ल लार्सन आणि त्यांच्या जहाजांमागून गेलेले परके जीव

अंटार्क्टिकातील हिमपट्टा तुटल्याची बातमी आली, की एक नाव हमखास वाचायला मिळते : लार्सन. लार्सन-ए, लार्सन-बी, लार्सन-सी. हे नाव आहे कार्ल अँटोन लार्सन या नॉर्वेजियन खलाशाचे. त्यांचे निधन होऊन शंभर वर्षे उलटली. दक्षिण गोलार्धातील यांत्रिक देवमासेमारीचे जनक म्हणून इतिहास त्यांना ओळखतो. ध्रुवीय प्रदेशात माणसाबरोबर परके प्राणी कसे शिरतात आणि नंतर ते काढणे किती जड जाते, हेही त्यांच्या आयुष्याकडे पाहून समजते. आज हाच धोका जमिनीवरून समुद्राच्या तळाशी पोहोचला आहे.

कोण होते कार्ल लार्सन?

लार्सन यांचा जन्म ७ ऑगस्ट १८६० रोजी नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावर, लार्विक शहराजवळ झाला. पुढे कुटुंब सँडेफ्योर्ड या बंदराच्या गावी गेले. हे गाव नंतर जगातील देवमासेमारीची राजधानी बनले. वडील जहाजावर कप्तान. कार्ल लहानपणीच त्यांच्यासोबत समुद्रावर जाऊ लागले. हिवाळ्यात शाळा आणि उन्हाळ्यात जहाज, असा क्रम होता. तरुणपणीच ते स्वत: कप्तान झाले आणि उत्तर अटलांटिकमध्ये सील व देवमाशांची शिकार करू लागले.

त्या काळी देवमाशाच्या चरबीपासून निघणाऱ्या तेलावर युरोपातील दिवे, साबण आणि कारखाने चालत. उत्तरेकडील समुद्रातले देवमासे मात्र झपाट्याने कमी होत होते. सँडेफ्योर्डच्या जहाजमालकांची नजर म्हणूनच दक्षिणेकडे वळली. १८९२ मध्ये ख्रिस्टन ख्रिस्टेन्सन या व्यावसायिकाने ‘जेसन’ हे जहाज लार्सन यांच्या हाती देऊन त्यांना अंटार्क्टिकाकडे पाठवले. फ्रिडयॉफ नान्सेन या प्रसिद्ध संशोधकाला १८८८ मध्ये ग्रीनलंडच्या मोहिमेसाठी घेऊन गेलेले जहाज ते हेच.

हिमपट्ट्याला त्यांचे नाव कसे मिळाले?

१८९२ ते १८९४ या काळात ‘जेसन’ने अंटार्क्टिकाच्या दोन सफरी केल्या. सेमूर बेटावर लार्सन यांना जीवाश्म सापडले. आज बर्फाने झाकलेल्या या खंडावर कधीकाळी झाडे होती, याचे ते पुरावे होते. दुसऱ्या सफरीत ते अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्याने ६८ अंश दक्षिणेच्याही पुढे गेले. तिथे किनाऱ्याला चिकटून समुद्रावर तरंगणारा बर्फाचा अवाढव्य थर त्यांना दिसला. पुढे त्याला त्यांचेच नाव मिळाले. या बर्फावर ते स्की घालून चालले. अंटार्क्टिकावर स्की वापरणारे ते पहिले, असे मानले जाते.

व्यापारी दृष्टीने या सफरी फसल्या. संथ पोहणाऱ्या जातींचे देवमासे तिथे फारसे मिळाले नाहीत. निळे आणि फिन जातीचे वेगवान देवमासे मात्र अमाप दिसले. त्यांना पकडण्याजोगी साधने ‘जेसन’वर नव्हती. हे दृश्य लार्सन विसरले नाहीत.

बुडालेले जहाज आणि नवा धंदा

१९०१ मध्ये ओटो नॉर्डेनशॉल्ड यांच्या स्वीडिश मोहिमेत लार्सन ‘अंटार्क्टिक’ या जहाजाचे कप्तान झाले. १९०३ च्या फेब्रुवारीत बर्फाच्या कचाट्यात सापडून हे जहाज बुडाले. लार्सन आणि त्यांच्या सोबतचे १९ जण बर्फावरून पायी आणि होडीने पॉलेट बेटावर पोहोचले. तिथे दगडांची झोपडी उभारून त्यांनी हिवाळा काढला. पोटासाठी सुमारे ११०० पेंग्विन मारून साठवावे लागले. एक खलाशी त्या हिवाळ्यात दगावला.

थंडी ओसरल्यावर लार्सन काही साथीदारांसह उघड्या होडीतून मदत शोधायला निघाले आणि नोव्हेंबर १९०३ मध्ये स्नो हिल बेटावर पोहोचले. अर्जेंटिनाच्या नौदलाचे ‘उरुग्वे’ हे जहाज नेमके त्याच दिवशी नॉर्डेनशॉल्ड यांच्या सुटकेसाठी तिथे आले होते.

ब्युनोस आयर्समध्ये या सर्वांचे जंगी स्वागत झाले. लार्सन यांनी तिथल्या धनिकांसमोर देवमासेमारीच्या कंपनीची कल्पना मांडली. नॉर्वेत पूर्वी कोणी पैसे लावायला तयार झाले नव्हते, ते इथे मिळाले. २९ फेब्रुवारी १९०४ रोजी ‘कंपानिया आर्खेन्तिना दे पेस्का’ स्थापन झाली. त्याच वर्षी १६ नोव्हेंबरला लार्सन साठेक माणसे, एक यांत्रिक शिकारी नौका आणि कारखान्याचे साहित्य घेऊन साउथ जॉर्जिया बेटावर उतरले.

साउथ जॉर्जियात काय घडले?

साउथ जॉर्जिया हे दक्षिण अटलांटिकमधील साधारण गोव्याएवढे बेट. कॅप्टन जेम्स कुक १७७५ मध्ये तिथे उतरले होते. त्यांच्या वर्णनामुळे सील मारणारी जहाजे बेटावर येऊ लागली. लार्सन यांनी ज्या खाडीत तळ ठोकला, तिथे या शिकाऱ्यांच्या चरबी वितळवण्याच्या कढया पडलेल्या होत्या. त्यावरूनच खाडीचे नाव पडले ग्रिटविकेन, म्हणजे कढयांची खाडी.

ग्रिटविकेन पाहता पाहता गाव बनले. कारखाना, राहण्याच्या चाळी, दुरुस्तीची गोदी आणि १९१३ च्या नाताळात सुरू झालेले लाकडी चर्च. दक्षिण ध्रुवाचे संशोधक अर्नेस्ट शॅकलटन यांना १९२२ मध्ये याच गावात पुरण्यात आले. लार्सन इथेच राहिले आणि १९१० मध्ये त्यांनी ब्रिटिश नागरिकत्व घेतले. इतर कंपन्याही आल्या. १९०४ ते १९६५ या काळात साउथ जॉर्जियातील कारखान्यांत सुमारे पावणेदोन लाख देवमासे कापले गेले. समुद्रातून काय काढून घेतले गेले, याचा हिशेब या आकड्यात आहे. तिथे काय आणून सोडले गेले, याची मोजदाद मात्र बराच काळ कोणी केली नाही.

रेनडिअर कशासाठी आणले?

१९११ मध्ये लार्सन आणि त्यांच्या भावाने नॉर्वेहून दहा रेनडिअर आणून बेटावर सोडले : तीन नर, सात माद्या. हेतू साधा होता. कामगारांना ताजे मांस मिळावे आणि शिकारीची करमणूक व्हावी. परक्या मुलखात गेलेल्या माणसाने घरची जनावरे सोबत नेणे ही त्या काळची रीत होती. परके जीव एखाद्या ठिकाणची निसर्गघडी कशी विस्कटतात, हे सांगणारा चार्ल्स एल्टन यांचा पायाभूत ग्रंथ आला तो १९५८ मध्ये. म्हणजे लार्सन यांनी नियम मोडला नव्हता, कारण मोडायला नियमच नव्हता.

नंतर आणखी दोनदा रेनडिअर आणले गेले. त्यातला एक कळप १९१८ मध्ये हिमकडा कोसळून संपला. उरलेले वाढत गेले. त्यांना खाणारा प्राणी बेटावर नव्हता. किनाऱ्यावरचे उंच टसॅक गवत त्यांनी ओरबाडले. या गवतात समुद्री पक्षी बिळे करून घरटी बांधतात. त्याच्या जागी चराई सोसणारे परके गवत पसरले.

उंदरांचे प्रकरण याहून जुने. सील मारणाऱ्या जहाजांतून तपकिरी उंदीर आधीच उतरले होते. पुढे जहाजांची वर्दळ वाढली तसा त्यांचा रस्ता आणखी मोकळा झाला. जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी आणि पिल्ले त्यांनी फस्त केली. अंटार्क्टिक परिसरातील एकमेव गाणारा पक्षी, तीरचिमणीच्या कुळातला साउथ जॉर्जिया पिपिट, उंदीर नसलेल्या छोट्या बेटांपुरता आणि तुरळक कोपऱ्यांपुरता उरला.

हे प्राणी हटवले कसे?

रेनडिअर आणि उंदीर संपूर्ण बेटावर पसरले नाहीत, कारण समुद्रापर्यंत उतरणाऱ्या हिमनद्यांनी बेटाचे कप्पे पाडले होते. तापमानवाढीने या हिमनद्या मागे सरू लागल्या. म्हणजे कुंपणच वितळू लागले. आता नाही तर कधीच नाही, हे प्रशासनाच्या लक्षात आले.

२०१३ पासून रेनडिअर हटवण्याची मोहीम झाली. त्यासाठी नॉर्वेहून सामी जमातीचे रेनडिअरपालक आणि नेमबाज बोलावण्यात आले. नॉर्वेजियन माणसाने आणलेली जनावरे शंभर वर्षांनी नॉर्वेजियन माणसांनीच संपवली. दहा जनावरांपासून सुरू झालेल्या या गोष्टीच्या शेवटी साडेसहा हजारांच्या आसपास रेनडिअर मारावे लागले. उंदरांसाठी २०११ ते २०१५ दरम्यान हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकले गेले. प्रशिक्षित कुत्र्यांनी बेट हुंगून काढल्यावर मे २०१८ मध्ये साउथ जॉर्जिया उंदीरमुक्त जाहीर झाले. खर्च सुमारे एक कोटी पौंड. पिपिट पुन्हा किनाऱ्यावर गाऊ लागला.

लार्सन यांचा शेवट कसा झाला?

लार्सन यांनी १९१४ मध्ये कंपनी सोडली आणि ते नॉर्वेला परतले. शेतीत त्यांचे मन रमले नाही. साठी उलटल्यावर त्यांनी नवा बेत आखला. किनाऱ्यावर कारखाना बांधण्याऐवजी कारखानाच जहाजावर घेऊन जायचा. ‘सर जेम्स क्लार्क रॉस’ हे प्रचंड जहाज आणि सोबत पाच शिकारी नौका घेऊन ते १९२३ मध्ये टास्मानियातील होबार्टमार्गे रॉस समुद्रात शिरले. पहिल्या हंगामात दोनशेहून अधिक देवमासे मारले गेले. दुसऱ्या हंगामात, ८ डिसेंबर १९२४ रोजी, त्याच जहाजावर त्यांचे निधन झाले. शव जतन करून नॉर्वेला नेण्यात आले.

या बेताने देवमासेमारीचे स्वरूप बदलले. कारखाना आता कोणत्याही बेटाला बांधलेला नव्हता. तो उत्तर युरोपच्या बंदरातून निघे, उष्ण कटिबंध ओलांडे, वाटेत दुसऱ्या गोलार्धातील बंदरात थांबे आणि थेट बर्फात शिरे. पुढच्या काळात मासेमारीच्या, संशोधनाच्या आणि पर्यटनाच्या जहाजांनी हीच वाट अधिक रुळवली.

जहाजांतून समुद्री जीव कसे जातात?

मार्ग मुख्यत: दोन. पहिला, जहाजाच्या तळाचा. बंदरात उभ्या असलेल्या जहाजाच्या पाण्याखालच्या भागावर आधी जिवाणूंचा चिकट थर बसतो. मग शेवाळ, बार्नॅकल आणि मसल जातीचे शिंपले, म्हणजे कोकणातले शिनाणे, चिकटतात. सपाट तळापेक्षा समुद्राचे पाणी आत घेण्याच्या जाळीबंद पोकळ्या, सुकाणू आणि पंख्याच्या आसपासच्या खाचा त्यांना अधिक मानवतात. तिथे विषारी रंग नीट लागत नाही आणि लाटांचा माराही कमी असतो.

दुसरा मार्ग बॅलास्ट पाण्याचा. रिकाम्या जहाजाचा तोल राखण्यासाठी टाक्यांत समुद्राचे पाणी भरतात आणि माल चढवताना ते सोडून देतात. त्या पाण्यात खेकडे, शिंपले आणि शेवाळ यांची डोळ्यांना न दिसणारी पिल्ले व बीजे असतात.

अंटार्क्टिकाभोवती वेगाने फिरणारा प्रवाह आणि थंड-उबदार पाण्याची सीमारेषा यांनी तिथला समुद्र लाखो वर्षे बऱ्याच अंशी बंदिस्त ठेवला आहे. तिथल्या उथळ तळावर कवच फोडून खाणारे खेकडे किंवा तसे मासे जवळपास नाहीत. त्यामुळे स्पंज, तारामासे आणि समुद्री कोळी संथ गतीने, फारशा संरक्षणाविना जगतात. शिनाण्यांसारखा दाटीने वाढणारा जीव तिथे रुजला, तर तळ झाकून टाकू शकतो. खेकडा रुजला, तर त्याला समोर ताट वाढलेलेच मिळेल.

हा धोका आजही आहे का?

केप टाऊनहून ये-जा करणाऱ्या ‘एस. ए. अगुल्हास’ या दक्षिण आफ्रिकी जहाजाच्या पाणी घेण्याच्या पोकळ्यांत भूमध्य समुद्राकडील शिनाणे सापडले आणि ते अंटार्क्टिक प्रदेशाच्या सफरींतून जिवंत परतले, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. डिसेप्शन बेट हे एकेकाळी देवमासेमारीचे मोठे ठाणे होते आणि आज पर्यटकांचे आवडते ठिकाण आहे. तिथे २०१० मध्ये दक्षिण अमेरिकेकडचा एक खेकडा आढळला. ती अंडी धरलेली मादी होती. २०१९ मध्ये किंग जॉर्ज बेटाच्या किनाऱ्यावर शिनाण्यांची पिल्ले चिकटलेली सापडली.

आतापर्यंत दोन गोष्टींनी अंटार्क्टिक समुद्राला वाचवले : गोठवणारे पाणी आणि जहाजाचा तळ खरवडून काढणारा समुद्री बर्फ. द्वीपकल्पाच्या पश्चिमेला पाणी तापते आहे आणि बर्फ कमी होतो आहे. लार्सन-ए हिमपट्टा १९९५ मध्ये कोसळला. २००२ मध्ये लार्सन-बीचा सुमारे ३२५० चौरस किलोमीटरचा भाग काही आठवड्यांत फुटला. २०१७ मध्ये लार्सन-सीपासून सुटलेला हिमनग गोव्याच्या दीडपट मोठा होता आणि तीन वर्षांनी तो वाहत साउथ जॉर्जियाजवळच पोहोचला. हिमपट्टा हटला, की हजारो वर्षे झाकलेला तळ उघडा पडतो आणि नव्या जीवांना जागा मिळते.

जहाजांची वर्दळ वाढतेच आहे. केंब्रिज विद्यापीठ आणि ब्रिटिश अंटार्क्टिक सर्वेक्षण यांच्या २०२२ मधील अभ्यासानुसार, अंटार्क्टिकाला जाणाऱ्या जहाजांचा संबंध जगभरातील १५८१ बंदरांशी येतो. म्हणजे परका जीव शेजारच्या दक्षिण अमेरिकेतूनच येईल असे नाही. तो उत्तर युरोपच्या थंड बंदरातूनही येऊ शकतो, आणि थंडीची सवय असलेला जीव अधिक धोकादायक. पर्यटकांची संख्या २०२३-२४ च्या हंगामात एक लाख २० हजारांवर गेली.

उत्तर ध्रुवाकडे काय घडले?

तिथे रेनडिअरसारखीच गोष्ट समुद्रात घडली. सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात कामचात्काकडील लाल किंग खेकडे बॅरेंट्स समुद्रात मुद्दाम सोडले. हेतू पुन्हा तोच, माणसांना खायला मिळावे. खेकडे वाढले आणि नॉर्वेच्या किनाऱ्यावर पसरले. आज काही गावांची कमाई त्यांच्यावर चालते आणि तळावरचे शिंपले व किडे ते फस्तही करतात. त्यांना पूर्ण हटवण्याची भाषा आता कोणी करत नाही. पश्चिमेकडे पसरू नयेत, एवढाच प्रयत्न आहे.

समुद्रातून परके जीव काढता येतात का?

क्वचित. कॅरिबियन समुद्राकडील काळ्या पट्ट्यांचे शिनाणे १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातील डार्विनच्या बोटींच्या गोद्यांत सापडले. गोद्यांना दारे होती. ती बंद करून पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतल्यावर ते संपले. हेच शिनाणे विशाखापट्टणम आणि मुंबईच्या गोद्यांत दशकांपूर्वी येऊन स्थिरावले आहेत. अंटार्क्टिकाच्या उघड्या किनाऱ्याला दारे नाहीत. तिथे हेलिकॉप्टरमधून आमिष टाकता येत नाही आणि सामी पशुपालकही उपयोगाचे नाहीत.

म्हणून सारा भर प्रवेश रोखण्यावर आहे. अंटार्क्टिक करारांतर्गत १९९१ च्या माद्रिद मसुद्याने परवान्याशिवाय परके जीव आणण्यास बंदी घातली. स्लेज ओढणारी कुत्रीही १९९४ पर्यंत खंडाबाहेर काढावी लागली. बॅलास्ट पाण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २०१७ पासून लागू आहे. साउथ जॉर्जियात उतरण्यापूर्वी प्रवाशांचे बूट, पिशव्या आणि कपड्यांच्या चिकटपट्ट्यांतले बीसुद्धा तपासले जाते. तळाला चिकटून येणाऱ्या जीवांबाबतचे आंतरराष्ट्रीय निकष मात्र अजून मार्गदर्शक सूचनांच्या स्वरूपातच आहेत. सर्वांत मोठी फट तिथेच आहे.

भारताचा संबंध काय?

भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम ६ डिसेंबर १९८१ रोजी गोव्याहून निघाली, तीही ‘पोलर सर्कल’ या भाड्याच्या नॉर्वेजियन जहाजाने. आज ‘मैत्री’ आणि ‘भारती’ या केंद्रांचा कारभार वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून चालतो. माणसे आणि सामान बहुधा केप टाऊनमार्गे जातात. २०२२ च्या भारतीय अंटार्क्टिक कायद्याने परवान्याशिवाय परके प्राणी, वनस्पती किंवा सूक्ष्मजीव तिथे नेण्यास मनाई केली आहे. उबदार बंदरातून निघालेले जहाज थंड समुद्रात शिरताना तळ स्वच्छ आहे का, हा प्रश्न भारतालाही लागू होतो.

ग्रिटविकेनचा कारखाना १९६० च्या दशकात बंद पडला. गंजलेल्या टाक्या आणि लार्सन यांचे चर्च अजून उभे आहे. खाडीत देवमासे पुन्हा दिसू लागले आहेत, बेटावर रेनडिअर आणि उंदीर उरलेले नाहीत. ही दुरुस्ती करायला शंभर वर्षे आणि कोट्यवधी रुपये लागले, तरीही ती शक्य झाली, कारण ते प्राणी जमिनीवर होते. समुद्राच्या तळाशी अशी दुसरी संधी मिळण्याची शक्यता फार कमी.